बाळंतपणानंतरचा सहावा महिना

माझ्यासमोर एक माता व बाल संरक्षण कार्ड आहे. घरातल्याच एका लेकीचं, मंठा तालुक्यातल्या तिच्या सासरच्या उपकेंद्रात काढलेलं. घडीवर झिजून फाटायला आलंय, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे. आत दोन हातांची अक्षरं आहेत. सुरुवातीच्या तपासण्या निळ्या शाईत, ठसठशीत. सातव्या महिन्यानंतर शाई काळी होते आणि अक्षर बारीक. ओटी भरून लेक माहेरी गेली, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून. पुढच्या नोंदी तिथल्या नर्सबाईंच्या. शाई बदलली त्या ओळीवरून ती कोणत्या आठवड्यात एसटीत बसली असेल ते सांगता येतं.

कार्डात शेवटच्या पाळीची तारीख आहे, बाळंतपणाची अपेक्षित तारीख आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या. त्या नऊ महिन्यांत तिच्या शरीराकडे जितकं बारकाईनं पाहिलं गेलं, तितकं पुढे आयुष्यभर बहुधा कोणी पाहणार नाही. आणि पिशवीच्या तोंडाबद्दल, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाबद्दल, या कार्डात एक ओळही नाही.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही, हा विषाणू याच जागी राहतो. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. ६ आणि ११ या प्रकारांनी जननेंद्रियांवर चामखिळी येतात. १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी असतात. दिवस गेले की या विषाणूचं काय होतं? तो वाढतो, की दबतो? बाळंतपणानंतर जातो, की तिथेच ठाण मांडतो? आपल्या भागातल्या बायांबद्दल याचं उत्तर कोणत्या कागदांत सापडतं, ते पाहायला मी बसले. कागद सापडले, पण मंठ्याच्या दक्षिणेला, बार्शी-उस्मानाबादकडचे. आणि त्यांत गर्भारपण मथळ्यात कुठेच नव्हतं. ते नियमांच्या आणि वयाच्या रकान्यांत दडलेलं होतं.

आधी मंठ्याबद्दल दोन शब्द, कारण पुढचे आकडे वाचताना ते लागतील. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून जालन्यात आला. मंठा त्या वेळी परतुरातच होतं, स्वतंत्र तालुका नंतर झाला. म्हणून परभणीचा आकडा मला परका वाटत नाही. सोयरिकी तिकडच्याच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या किती बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं हे विचारलं गेलं. महाराष्ट्राचं उत्तर २१.९ टक्के, परभणीचं ४८ टक्के. विषाणूच्या अभ्यासात हा आकडा कोणी घेत नाही. मी घेते, आणि त्याचं कारण पुढे येईल.

आता बार्शी. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण मराठवाड्याच्या उंबरठ्यावर. भूम-परंड्याची माणसं बाजाराला तिथे जातात आणि दवाखान्यालाही. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तिथलंच. १९८७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कार्यक्रमात तिथे लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. अशी पहिली नोंदणी मुंबईत १९६३ पासून होती, पण ती शहराची. खेड्यांची म्हणून देशातली पहिली बार्शीचीच: बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. गावात कोणाला गाठ आली, कोणाच्या अंगावरून रक्त जातंय, कोण कशानं गेलं, हे दवाखान्यात बसून कळत नाही, त्यासाठी वाडीवस्तीवर जावं लागतं. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांच्या सहकाऱ्यांनी ते काम लावून धरलं.

या नोंदणीतून १९९५ मध्ये निघालेला एक लेख मला फार मोलाचा वाटतो. कारण त्यात ना नवं यंत्र आहे, ना नवं औषध. आरोग्य कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि अंगावरून अवेळी रक्त जाणं, वास मारणारं पाणी जाणं या गोष्टी लपवू नका, दाखवायला या, एवढंच सांगत राहिले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात आलेल्यांचं प्रमाण काही वर्षांत ३८ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं. बाया आधी येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने.

त्याच मंडळींनी टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर १९९९ मध्ये मोठी चाचणी हाती घेतली. जिल्हा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. ४९७ गावं, त्यांचे ५२ गट, १,३१,७४६ बाया. गटांचे चार भाग: एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात नेहमीची सोय तेवढीच, वेगळी तपासणी नाही. निकाल २ एप्रिल २००९ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पहिलं नाव डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांचं, दुसरं डॉ. नेने यांचं.

निकाल असा: एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बाया, त्यांतल्या ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ बाया, गेल्या ६४. पुढच्या टप्प्यात पोचलेले कर्करोगही पहिल्या गटात ३९ आणि दुसऱ्यात ८२. आणि ज्यांच्या नमुन्यात विषाणू सापडला नाही, त्यांना पुढच्या वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण लाखात ३.७ होतं. पॅप स्मिअर चांगला आलेल्यांत ते १५.५ होतं, डोळ्यांनी पाहून ठीक वाटलेल्यांत १६. म्हणजे विषाणूच्या तपासणीने दिलेला निर्वाळा इतर दोन्हींपेक्षा चौपट भरवशाचा ठरला. जगभरच्या तपासणीच्या धोरणांत आज एचपीव्ही चाचणीला जो मान आहे, त्याच्या पायात उस्मानाबादच्या बायांनी दिलेले नमुने आहेत.

हे लिहिताना चौथ्या गटापाशी मी थांबते. त्या बायांना तपासणी कुठे मिळते हे सांगितलं गेलं होतं, पण दारात तपासणी आली नाही. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडू इथल्या अशा तीन चाचण्यांवर अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये कडक आक्षेप घेतला. तिन्हींत मिळून तपासणी न मिळालेल्या १,३८,६२४ बाया, आणि त्यांतल्या २५४ तोवर या रोगाने मरण पावलेल्या. पॅप स्मिअरने जीव वाचतात हे जगाला आधीपासून माहीत असताना, काहीच न देणारा गट का ठेवला, हा त्यांचा प्रश्न. चाचणी करणाऱ्यांचं म्हणणं, या भागात तपासणी हीच नेहमीची सोय नव्हती. दोन्ही बाजू वाचून माझं मत आक्षेपाकडे झुकतं. ज्या ६४ जणींमुळे फरक मोजता आला, त्यांना तो फरक काय आहे हे कधी कळलं नाही. त्या आपल्याच बोलीत बोलणाऱ्या होत्या.

आता गर्भारपणाकडे. या चाचणीत घेतलेल्या बायांचं वय होतं ३० ते ५९. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. आपल्याकडे सतरा-अठराला लग्न, विशीच्या आत पहिलं मूल, चोविशी-पंचविशीत ऑपरेशन. तिशीपर्यंत मुलं शाळेत जायला लागलेली असतात. म्हणजे वयाच्या एका अटीने गर्भारपणाची जवळजवळ सगळी वर्षं चाचणीच्या बाहेर राहिली. अट चुकीची नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत हा विषाणू येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातो. तिशीनंतरही जो चिकटून राहतो तो धोक्याचा. त्याला पकडायचं तर तिशीपासून पाहायचं. उस्मानाबादच्या एचपीव्ही गटात ज्यांची तपासणी झाली त्यांपैकी १०.३ टक्के बायांत तो सापडला. त्यांच्या अंगात तो कोणत्या बाळंतपणाच्या आगेमागे आला होता, हे त्या नमुन्यातून वाचता येत नाही.

जगात हा प्रश्न विचारला गेला होता. १९८७ मध्ये जर्मनीत श्नायडर आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायांमध्ये हा विषाणू जास्त सापडतो असं दाखवलं. पुढे कोणाला फरक दिसला, कोणाला दिसला नाही. २०१४ मध्ये २८ अभ्यास एकत्र करून १३,६४० गरोदर बायांचा हिशेब मांडला गेला: गरोदर बायांत १६.८ टक्के, त्याच वयाच्या गरोदर नसलेल्यांत १२.३ टक्के. फरक आहे, पण घाबरून जावं एवढा नाही. ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये केलेलं काम मला यांत सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण त्यांनी बायांना एकदाच न पाहता पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांना दिसलं ते असं: पोटुशी असताना शरीर विषाणूला हुसकवायला मंद होतं, आणि बाळंतपणानंतर ते काम झपाट्याने उरकतं, जणू थकलेली बाकी एकदम चुकती केल्यासारखं.

असं का होतं? एक कारण जागेचं. गर्भारपणात इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयमुखाच्या आतलं मऊ अस्तर बाहेरच्या बाजूला उलगडतं. योनीतल्या आम्लाशी गाठ पडली की ते अस्तर हळूहळू बदलू लागतं, आणि विषाणूला आवडणाऱ्या कोवळ्या पेशी याच बदलत्या पट्ट्यात असतात. दुसरं कारण प्रतिकारशक्तीचं. पोटात अर्धं परकं असलेलं मूल सांभाळायचं तर शरीर आपली धार थोडी बोथट करतं. तिसरं, एचपीव्ही १६ च्या जनुकीय साखळीतला जो भाग त्याचं कामकाज चालू-बंद करतो, त्याला प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांची चाहूल लागते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणूनच ज्या बाईला आधी एखाददुसरी चामखीळ होती, तिला सातव्या-आठव्या महिन्यात त्यांचा घोस झालेला दिसतो. बाया घाबरतात, सासूला सांगत नाहीत, कोणी मोड समजून मलम लावतं. बहुतेक वेळा बाळंतपणानंतर त्या आपोआप ओसरतात. पोडोफायलिनसारखं औषध मात्र या काळात लावायचं नसतं, त्याने बाळाला अपाय होऊ शकतो. आणि केवळ चामखिळी आहेत म्हणून सिझर करायची गरज नसते. वाट अडेल इतक्या त्या मोठ्या असल्या तरच.

बाळाला होईल का, हा प्रत्येकीचा पुढचा प्रश्न. कॅनडात माँट्रियलमध्ये १,०५० गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा करून २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत ४०.३ टक्के आयांत विषाणू होता. ६७ बाळांत तो सापडला, आणि सहा महिन्यांपर्यंत एकाही बाळात उरला नव्हता. घशात चामखिळी होण्याचा एक आजार ६ आणि ११ या प्रकारांमुळे मुलांना होतो खरा, पण तो फार विरळा. तेव्हा आईच्या मनातली ही भीती कागद बऱ्याच अंशी हलकी करतात.

जी भीती ते हलकी करत नाहीत, ती वेगळी आहे आणि ती हळू येते. एकेक गर्भारपण विषाणूला थोडी मुभा देतं. अनेक गर्भारपणं, तीही कोवळ्या वयापासून, याचा हिशेब वर्षांनी लागतो. दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेत काम करणारे भूदेव चंद्र दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये छोटं टिपण छापलं. त्याच्या शीर्षकातच सगळं होतं: भारतीय बायांत गर्भारपणांची संख्या वाढते तसा एचपीव्हीचा संसर्ग वाढलेला आढळतो. २००२ मध्ये नुबिया मुन्योस यांच्या गटाने चार खंडांतले अभ्यास जोडून लॅन्सेटमध्ये दाखवलं की, ज्यांच्या अंगात हा विषाणू आहे अशा बायांत, सात किंवा जास्त बाळंतपणं झालेल्यांना एकही मूल न झालेल्यांच्या तुलनेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका ३.८ पट. २००६ मध्ये २५ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, १६,५६३ रुग्ण बायांचा. त्यातला एक आकडा मी परभणीच्या ४८ टक्क्यांशेजारी ठेवते: पहिलं बाळंतपण सतराच्या आत झालं, तर पंचविशीनंतर झालेल्यांपेक्षा धोका १.७७ पट.

सात बाळंतपणं आता मंठ्यात कोणाची होत नाहीत. ती आमच्या आज्यांची. पण सतराच्या आतलं पहिलं बाळंतपण गेलेलं नाही. म्हणून बालविवाहाची गोष्ट आली की मला शाळा सुटणं, कुपोषण, माता-मृत्यू यांच्या जोडीला ही चौथी गोष्टही मांडावीशी वाटते. लग्नाच्या पहिल्या वर्षात विषाणू आला, लगेच दिवस गेले, कोवळ्या वयात तो बदलता पट्टा आधीच रुंद असतो, त्यात गर्भारपणाने तो आणखी उघडा पडला. हे सगळं त्या मुलीच्या अठराव्या वाढदिवसाच्या आत घडून गेलेलं असतं.

लग्न आणि या रोगाच्या नात्यावरून इटलीतल्या एका जुन्या कागदाची आठवण येते. व्हेरोना शहरातल्या १७६० ते १८३९ पर्यंतच्या मृत्यूच्या नोंदी दोमेनिको रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी चाळल्या आणि १८४२ मध्ये लिहिलं की गर्भाशयाचा कर्करोग मठातल्या ननमध्ये क्वचित आढळतो, लग्न झालेल्यांत जास्त. विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. नुसत्या मृत्यूच्या वहीतून वाट दिसली. एचपीव्ही १६ सापडायला १९८३ उजाडावं लागलं, आणि तो शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. आमच्याकडे अशी वही बार्शीत १९८७ मध्ये उघडली.

आणि त्याच बार्शीच्या पुढच्या कामात मला अखेर गर्भारपण लिहिलेलं सापडलं. १ सप्टेंबर २००९ पासून देशातल्या नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. महाराष्ट्रातली ठिकाणं मुंबई, पुणे आणि बार्शी. अर्ध्या मुलींना तीन डोस, अर्ध्यांना दोन, अशी योजना. एप्रिल २०१० मध्ये सरकारच्या आदेशाने लस देणं अचानक थांबलं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथे दुसऱ्याच एका लस प्रकल्पातल्या सात मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते असं चौकशीत निघालं, पण संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष सापडले. त्या धांदलीत हा अभ्यासही अडला. १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, आणि त्यांतल्या ४,९५० जणींना एकच डोस.

डॉक्टरांनी त्या मुलींना सोडलं नाही. अर्धवट राहिलेल्या डोसांचाच अभ्यास करायचं ठरलं. पण लसीने विषाणू अडवला की नाही हे पाहायचं तर गर्भाशयमुखाचा नमुना हवा, आणि तो लग्नाआधी घ्यायचा नाही. मग केव्हा? नियम असा: लग्नानंतर १८ महिने झाल्यावर, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. त्यानंतर दर वर्षाला एक याप्रमाणे पुढचे नमुने.

या एका वाक्यात आपलं अख्खं समाजजीवन आलंय. अठरा महिने कोणाला मोजावे लागणार? ज्यांना लगेच दिवस गेले नाहीत त्यांना. बाकीच्यांचं बाळ त्याआधीच मांडीवर असणार, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. आणि सहा महिनेच का? माझा तर्क असा की बाळंतपणानंतर गर्भाशयमुख पूर्ववत व्हायला आणि ॲम्स्टरडॅममध्ये दिसलेली ती थकलेली बाकी चुकती व्हायला जो वेळ लागतो, तो जाऊ द्यायचा. पोटुशी असताना घेतलेल्या नमुन्यात जाता जाता थबकलेले पाहुणेही मोजले गेले असते. नंतर जो उरतो तोच मुक्कामाला आलेला. म्हणून एकच प्रकार किमान दहा महिन्यांच्या अंतराने पुन्हा सापडला, तरच तो टिकलेला संसर्ग धरला.

आणि सहाव्या महिन्यात ती मुलगी असते कुठे? लस घेतली तेव्हा माहेरच्या शाळेत होती. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली. बाळंतपणाला परत माहेरी आली. सव्वा महिन्यानंतर, तिसऱ्या महिन्यात, पाचव्या महिन्यात, जसं ठरेल तसं सासरहून न्यायला आले. नाव बदललं, आडनाव बदललं, कधी पुकारायचं नावही. नमुना घ्यायला गेलेल्या कार्यकर्तीला तिची आई गाठावी लागणार, मग सासूची परवानगी, मग नवऱ्याची. १७,७२९ मुलींमागे हे वर्षानुवर्षं करणं म्हणजे काय, ते माझ्यासमोरच्या कार्डातल्या दोन शायांवरून थोडंफार कळतं.

२०२१ मध्ये डॉ. पार्थ बसू यांच्या नावाने निकाल आला. एका डोसानेही १६ आणि १८ प्रकारांचा टिकणारा संसर्ग ९५.४ टक्के रोखला, दोन आणि तीन डोसांच्या बरोबरीने. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने एक डोसही पुरे असं म्हटलं, त्यामागे हा पुरावा मोठा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. चुकून दिली गेली तर काळजीचं कारण दिसलेलं नाही, उरलेला डोस बाळंतपणानंतर घ्यायचा.

लस न मिळालेल्यांचं काय? २०१६ मध्ये केंद्राने चौकट आखून दिली: ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी डोळ्यांनी पाहून तपासणी, उपकेंद्रापासून वर. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायांपैकी अशी तपासणी एकदा तरी झालेल्या भरल्या १.९ टक्के. त्या वयात बाई पोटुशी नसते, म्हणून तिचं कार्ड नसतं, म्हणून तिला बोलावणं येत नाही.

ती स्वतःहून जाते ती अंगावरून पांढरं जायला लागल्यावर, आणि तेव्हा तिला वेगळंच ऐकायला मिळू शकतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कॅन्सर होईल, या धाकाखाली होकार दिल्याचं अनेकींनी सांगितलं. जालना जिल्ह्यातूनही तोडीला कोयते जातात. पिशवी ठेवून, नुसत्या एका नमुन्याने तोच धाक खरा की खोटा ठरवता येतो, हे शेजारच्या उस्मानाबादेत दहा वर्षं आधी सिद्ध झालेलं होतं. हे दोन कागद एकाच मेजावर ठेवले की मला राग आवरत नाही.

गरोदरपणातच तपासायला काय हरकत, असं कोणी विचारेल. शंका असेल तर पाहता येतं, आणि पाहावंच: संबंधानंतर रक्त जात असेल, वास मारणारं पाणी जात असेल, तर ते गर्भारपणाच्या खात्यावर टाकून देऊ नये. पण पेशींत सुरुवातीचे बदल दिसले तरी ते या नऊ महिन्यांत सहसा पुढे सरकत नाहीत, पुष्कळदा बाळंतपणानंतर मागे जातात. म्हणून ते जाळण्या-गोठवण्याचे उपचार तेव्हा करत नाहीत. नेहमीची तपासणी पुढे ढकलतात, बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. कार्ड पुन्हा उघडलं. मागच्या पानावर बाळाच्या लसी: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. प्रत्येक तारखेला आई बाळाला कडेवर घेऊन उपकेंद्रात आलेली आहे. शाई पुन्हा निळी झाली आहे, म्हणजे ती सासरी परतली होती. वजनाची रेघ वर वर गेली आहे, पाच वर्षांपर्यंतचे रकाने आखून ठेवलेले आहेत, सगळे बाळाचे. आईच्या नावापुढची शेवटची नोंद बेचाळिसाव्या दिवसाची आहे, काळ्या शाईत, बारीक अक्षरात: तब्येत ठीक.